चिंगी रात्री कुठे झोपणार?

ताई, नमस्कार. आमची चिंगी पाच वर्षांची आहे. रस्त्यावरून उचलून आणलेली, अठरा किलोची, माणसांत प्रेमळ पण फटाक्यांना घाबरणारी. दिवाळीच्या सुट्टीत बारा-तेरा दिवस गाडीने हिमाचलला जायचं ठरतंय. मुलगा दहा वर्षांचा आहे, त्याला तंबूतच राहायचंय आणि चिंगीशिवाय यायचं नाहीये. नेटवर बघावं तो कॅम्प स्वतःला ‘पेट फ्रेंडली’ म्हणवतो. गेल्या वर्षी घाटातल्या अशाच एका ठिकाणी गेलो, तर ऐन वेळी ‘तिला जनरेटरच्या शेडमध्ये बांधा’ म्हणाले. ती रात्रभर रडली आणि आम्ही रात्रभर तिच्यापाशी बसून होतो. या वेळी असं होऊ द्यायचं नाही. कॅम्प निवडायचा कसा आणि कुठला? सासूबाईंचं म्हणणं, तिला बोर्डिंगमध्ये ठेवा आणि निवांत फिरून या. त्यांचं चुकतंय का?
— एक वाचक, नाशिक

नमस्कार.

जनरेटरच्या शेडपाशी तुम्ही रात्र काढलीत हे वाचून जीव कळवळला. पण त्या एका रात्रीत तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुम्हाला मिळालेलं आहे. दिवसा कुठलाही कॅम्प कुत्र्याला चालतो. हिरवळ असते, पोरं लाड करतात, स्वयंपाकी पोळी टाकतो. खरं काय ते अंधार पडल्यावर कळतं. म्हणून फोन लावाल तेव्हा भाडं, जेवण, शेकोटी सगळं मागे ठेवा आणि पहिला प्रश्न हाच विचारा: “भैया, हमारी कुतिया रात को कहाँ सोएगी?”

“बाहर बाँध देंगे जी, कोई दिक्कत नहीं,” असं उत्तर आलं तर नमस्कार करून फोन ठेवा. “स्टाफ के साथ रह लेगी,” म्हणाले तरी नको. चिंगीला स्टाफ अनोळखी आहे, आणि परक्या जागी घाबरलेलं कुत्रं पहिल्या संधीला पट्टा सोडवून पळतं. “आपके साथ, आपके टेंट में,” हे उत्तर आलं तरच पुढे बोला. आणि समोरचा माणूस उलट तुम्हालाच विचारायला लागला, केवढी आहे, दुसऱ्या कुत्र्यांशी पटतं का, भुंकते का, तर तो कॅम्प मनात पक्का करून टाका. ज्याने कुत्रं पाळलंय तोच हे विचारतो. मग ‘कुत्रा रात्री आमच्याच तंबूत झोपेल’ एवढं वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, वेगळे पैसे घेणार असतील तर तेही. ऐन वेळी मॅनेजर बदललेला असला तर तो मेसेजच दाखवता येतो.

या एका प्रश्नावर मी इतकी अडून बसते याचं कारण बिबट्या. तुम्ही नाशिकचे, तुम्हाला हे नव्याने सांगायला नको. शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या खाण्याचा अभ्यास झाला, त्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला होता. हिमाचलच्या गावांतही तीच गोष्ट आहे, फक्त उसाच्या जागी देवदार आणि बानचं, म्हणजे ओकचं, जंगल. आपल्याकडे खेड्यात जसं बिबट्याला सरसकट वाघ म्हणतात, तसं तिकडेही ‘बाघ’च म्हणतात. कॅम्पवाला “कभी-कभी बाघ आता है” म्हणाला तर तो थापा मारतोय असं समजू नका.

आमचा कुत्रा काळू सोबत होता तेव्हा तीर्थन खोऱ्यात एका घरी उतरलो होतो. घरमालकाची दोन भोटिया कुत्री होती, वासराएवढी. दिवसभर ओट्यावर पसरलेली असायची. ऊन डोंगराआड गेलं की मालक शीळ घालायचा, दोघं निमूट खालच्या मजल्यावरच्या गवताच्या खोलीत जायची आणि तो बाहेरून लाकडी आडणा लावायचा. अंधार पडायच्या आत, रोज. एका कुत्र्याच्या गळ्यात पत्र्याचा चार बोटं रुंद पट्टा होता, त्यावर बाहेरच्या बाजूने बोटभर लांबीचे लोखंडी काटे. बिबट्या मानेला धरतो म्हणून तिकडचे गद्दी मेंढपाळ कळपाच्या कुत्र्यांना असा पट्टा घालतात. त्यातले दोन काटे वाकलेले होते. मी त्यांवरून बोट फिरवलं तसा मालक म्हणाला, हा वाचला, याचा भाऊ गेला, ओट्यावरूनच, भुंकलासुद्धा नाही. तेव्हापासून माझा दुसरा प्रश्न ठरलेला आहे: “आपके अपने कुत्ते रात को कहाँ रहते हैं?” जो स्वतःची कुत्री अंधारात मोकळी सोडतो त्याच्याकडे चिंगीला नेऊ नका. तिला रात्री शी-शूसाठी न्यायचं तर दोघांनी, हातात टॉर्च आणि लहान दोरी, तंबूपासून दहा पावलं, झालं की आत. पहाटे उजाडेपर्यंत परत बाहेर नाही.

आता तंबू. डोम टेंटचा तळ पातळ असतो, नखांनी फाटतो, आणि जाळीची चेन कुत्रं नाकाने उघडतं. स्विस टेंट मोठा असतो, आत पलंग आणि मागे संडास, पण त्याच्या कडेला जमिनीलगत फट राहते. घाबरलेलं अठरा किलोचं कुत्रं त्या फटीतून सहज निसटतं. तेव्हा आत शिरल्यावर पहिलं काम म्हणजे चारही कडा हाताने चाचपायच्या आणि फटीवर बॅगा लावायच्या. रात्रभर तिच्या हार्नेसची दोरी पलंगाच्या पायाला बांधलेली असू द्या. मी तर म्हणेन, जिथे तंबू आणि खोल्या दोन्ही आहेत अशीच जागा घ्या. मुलाला तंबू मिळेल, आणि चिंगी थरथरायला लागली तर मध्यरात्री लाकडी खोलीत जाता येईल. पाचशे-हजार जास्त गेले तरी जाऊ द्या.

कुठे जायचं? पहिल्यांदाच नेताय म्हणून बीर आणि मग तीर्थन किंवा जिभी असं सुचवते.

बीर कांगडा खोऱ्यात, साधारण दीड हजार मीटरवर आहे. वर बिलिंग, साधारण २,४०० मीटरवर, जिथून पॅराग्लायडर उडतात. २०१५ मध्ये पॅराग्लायडिंगचा वर्ल्ड कप इथेच झाला. बीर सुचवण्यामागे माझा स्वार्थ वेगळा आहे: पालमपूर तिथून तासाभरावर आहे, आणि पालमपूरला कृषी विद्यापीठाचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. हिमाचलमध्ये सरकारी पशुचिकित्सालयं गावोगाव भेटतात, पण त्यांचं मुख्य काम गाई-म्हशींचं. कुत्र्याला काही गंभीर झालं तर कुठे न्यायचं हे आधी ठाऊक असणं मला तरी फार मोलाचं वाटतं. कॅम्प मात्र लँडिंगच्या मैदानाला लागून घेऊ नका. आकाशातून रंगीत कापड उतरताना पाहून काळूने जी धाव घेतली होती ती आठवली की अजून पोटात गोळा येतो. कुत्रं मध्ये आलं तर उतरणाऱ्या माणसाचा पाय मोडू शकतो. गुनेहडच्या बाजूला, चहाच्या मळ्यांपलीकडे शांत जागा आहेत, तिकडे बघा.

तिथे चार रात्री काढल्या की चिंगीला डोंगराची, थंडीची आणि तंबूची सवय होईल. मग जोगिंदरनगर-मंडी मार्गे औटला या. औटचा बोगदा सुरू व्हायच्या अलीकडेच बंजारचा फाटा आहे. तो चुकला तर बोगद्यातून थेट कुल्लूच्या दिशेला जाल. बंजारहून एक रस्ता गुशैणीकडे, म्हणजे तीर्थन नदीच्या काठाने, आणि दुसरा जिभी-शोजा करत जलोडी जोताकडे, म्हणजे खिंडीकडे, चढतो. तीर्थन जास्त शांत, जिभीला गर्दी जास्त. तुमच्या वर्णनावरून चिंगीला तीर्थन मानवेल.

एक गोष्ट मुलाला आधीच समजावून ठेवा. गुशैणीहून वर रोल्लापर्यंत चालत जाता येतं, पण त्यापुढे ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कची हद्द आहे आणि त्यात पाळीव कुत्रं नेता येत नाही. २०१४ पासून हे उद्यान युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. कुणी गाईड “कोई नहीं देखता, ले चलो” म्हणाला तरी नाही म्हणा. आपल्या कुत्र्याचा नुसता वास राहिला तरी रानातली जनावरं बिचकतात, आणि आपल्या कुत्र्यांचे आजार रानात गेले तर तिथे त्यांना लस द्यायला कुणी नसतं. त्या दिवशी दोघांनी वर जावं आणि एकाने चिंगीपाशी थांबावं. चिंगीला घेऊन चालायचं असेल तर जलोडीहून सेरोलसरकडे जाणारी वाट घ्या, खरसूच्या झाडांतून, एका बाजूने पाचेक किलोमीटर. वर तळं आहे आणि काठावर बुढी नागिणीचं देऊळ. तळं देवीचं मानतात. लोक सांगतात, त्यात पडलेलं पान न् पान एक चिमणीएवढा पक्षी उचलून नेतो. चिंगीला पाण्यात उतरू देऊ नका, देवळापासून लांब दोरीवर धरा आणि तिथल्या माणसाला आधी विचारा. जलोडी ३,१०० मीटरच्या वर आहे. उंची कुत्र्यालाही लागते. बसल्या जागी धापा टाकायला लागली, खायला नाही म्हणाली, हिरड्या फिक्या दिसल्या तर फोटो राहू देत, खाली उतरा. आणि अटल बोगद्यापलीकडे लाहौलला या दिवसांत तिला मुळीच नेऊ नका.

नदीबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण ‘रिव्हरसाइड कॅम्प’ हाच सगळ्यांना हवा असतो. तीर्थन दिसते गोड, पण पाणी बर्फाचं आहे आणि ओढ भयंकर. कुत्रं पाणी प्यायला उतरतं, शेवाळावर पाय सरकतो, आणि मग त्याच्यामागे माणूस उडी मारतो. दहा वर्षांचा मुलगा तर मारणारच, विचार न करता. खाली लारजीला तीर्थन आणि सैंज या नद्या ब्यासला मिळतात आणि तिथे धरण आहे. ८ जून २०१४ ला थलौटजवळ हैदराबादचे चोवीस इंजिनिअरिंगचे विद्यार्थी ब्यासच्या पात्रात फोटो काढत उभे होते, धरणाचं पाणी सोडलं आणि सगळे वाहून गेले. जुलै २०२३ मध्ये ब्यासने काठावरची घरं, हॉटेलं, रस्ते नेले. तेव्हा कॅम्पवाल्याला विचारा, तंबू पाण्यापासून किती उंचावर आहेत, आणि फोटो नव्हे तर व्हिडिओ मागवा, तंबूच्या दारातून नदीकडे चालत जाताना काढलेला. तंबू पात्रातल्या गोट्यांवर उभे दिसले तर नको. नदीचा आवाज वरच्या शेतातल्या तंबूतही येतो आणि झोपही शांत लागते. नदीपाशी जाल तेव्हा दोरी तुमच्या हातात, मुलाच्या नको.

तिकडच्या कुत्र्यांशी गाठ पडणार हे धरून चाला. दिवाळीच्या सुमारास गद्दी लोक कळप घेऊन वरून खाली उतरतात, जसे आपल्याकडे धनगर दसरा-दिवाळीनंतर कोकणाकडे उतरतात. बीरच्या आसपास रस्त्यात शे-दोनशे मेंढरं समोर आली की गाडीच्या काचा वर करा. चालत असाल तर वाटेच्या वरच्या अंगाला सरकून चिंगीला पायांमागे बसवा आणि कळप जाऊ द्या. त्यांची कुत्री चावरी नसतात, पण परकं कुत्रं कळपात शिरलं तर ती आपलं काम करणारच. मेंढपाळाला हाक मारा, तो एका आवाजात त्यांना थांबवतो. कॅम्पवर पोचल्यावरही चिंगीला थेट आत नेऊ नका. तिथली कुत्री बाहेर रस्त्यावर बोलवा, दोन्हीकडच्यांना दोरीवर थोडं बरोबर चालवा, मग आत शिरा. आपल्या दारात परकी आली की भांडण होतं, बाहेर भेट झाली की बहुतेक वेळा होत नाही.

अंगावरच्या गोष्टींत कुसळांना सगळ्यात जास्त भिते मी. या दिवसांत तिकडचं गवत वाळून दाण्याला आलेलं असतं. कुसळ बोटांच्या बेचक्यात शिरतं आणि त्याची रचनाच अशी की ते फक्त पुढे जातं, मागे येत नाही. काळूच्या पुढच्या पायात असं एक गेलं होतं. आधी नुसता चाटत होता, तिसऱ्या दिवशी पंजा सुजला, आणि डॉक्टरांनी चिमट्याने काढलं तेव्हा अख्खं कुसळ पुवात भिजून बाहेर आलं. रोज संध्याकाळी शेकोटीपाशी चिंगीचे चारही पंजे मांडीवर घ्या, बोटं फाकवून दाबून बघा, कानांच्या आत टॉर्च मारा. फिरून आल्यावर एकसारखी मान झटकत असेल तर कानात कुसळ आहे असंच समजा आणि स्वतः काढायला जाऊ नका. बिच्छू घास म्हणून तिकडे एक झुडूप असतं, वाटेच्या कडेला, ओलाव्यात. नाक लागलं की कुत्रं कळवळून नाक जमिनीवर घासतं. गार पाण्याने धुवा, चोळू नका, काही वेळाने आग थांबते. शेकोटीभोवती लोक कोंबडीची हाडं टाकून जातात, ती तिच्या तोंडात पडू देऊ नका, शिजलेलं हाड फुटून सुईसारखं होतं.

निघायच्या महिनाभर आधी तुमच्या डॉक्टरांकडे जा. रेबीज आणि बाकीच्या लसींची तारीख बघा, लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) लसीचं विचारा, गोचिडाची गोळी किंवा औषध सुरू करा आणि घाटात ओकू नये म्हणून काय द्यायचं ते लिहून घ्या. वळणाच्या रस्त्याला लागण्याआधी तीन-चार तास पोट रिकामं असलेलं बरं. लसीचं कार्ड मूळ आणि फोनवर दोन्ही ठेवा. गळ्यातल्या बिल्ल्यावर फोन नंबर हवा, आणि हार्नेस असा की मागे ओढलं तरी डोकं निघणार नाही. तिला कपडे फार नकोत, पण रस्त्यावरच्या देशी कुत्र्याला आतला दाट केसांचा थर फारसा नसतो, तेव्हा एक जाड जॅकेट आणि खाली घालायला घोंगडी घ्या. थंडी जमिनीकडून येते, पांघरुणापेक्षा अंथरूण महत्त्वाचं. घरचं घोंगडं न्या, धुऊन नको, तिच्या वासासकट.

गाडीने दीड हजार किलोमीटरच्या वर जायचंय, एका दमात नको. तुमच्या बारा-तेरा दिवसांतले जाण्याचे तीन, येण्याचे तीन धरा. डोंगरात सहा-सात रात्री मिळतील. बीरला चार म्हटल्या, तर तीर्थनला तीनच उरतात, आणि त्या पुरेत. रेल्वेचा विचार कराल तर कुत्र्याला सोबत घेऊन फक्त एसी फर्स्टमध्ये, पूर्ण कूपे किंवा केबिन तुमच्या नावावर असेल तरच जाता येतं, आणि तो मिळाला की नाही हे चार्ट लागेपर्यंत कळत नाही. नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. चिंगीला त्या पेटीत घालू नका.

आता सासूबाई. त्यांचं चुकतंय असं मला म्हणवत नाही. सगळीच कुत्री प्रवासाची नसतात, आणि आपल्या हौसेपायी जनावराने का सोसावं हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. चिंगीलाच विचारू या. हॉलमध्ये तंबू उभा करा, आठवडाभर तिचं जेवण त्यात ठेवा, दोन रात्री मुलासोबत तिला त्यात झोपू द्या. मग एका शनिवारी भंडारदऱ्याला एक रात्र जा, गाडीतून, तंबूत, थंडीत. ती जेवली, शी-शू नीट झाली आणि रात्री तीन-चार तास तरी पडून झोपली, तर निर्धास्त न्या. चोवीस तास अन्नाला तोंड लावलं नाही, सारखी धापा टाकत दाराशी उभी राहिली, तर तिला घरी राहू द्या. पण तेव्हाही बोर्डिंगपेक्षा घरीच, सासूबाईंपाशी, ओळखीच्या अंथरुणावर. सासूबाईंना ते जमणार असेल तर मुलालाही ते समजावून सांगता येईल, त्याने स्वतःच्या डोळ्यांनी भंडारदऱ्याला पाहिलेलं असेल ना.

फटाक्यांचं शेवटी लिहितेय, पण बुकिंग करताना आधी हेच बघा. दिवाळी हिमाचलमध्येही असते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री बीरच्या बाजारात किंवा बंजारमध्ये राहू नका. सहलीच्या तारखा अशा बसवा की ती एक रात्र गुशैणीच्याही वर, गावाबाहेर, तंबूत नव्हे तर दार-खिडक्या बंद होणाऱ्या लाकडी खोलीत जाईल. तिला उजेड असताना फिरवून आणा, लवकर जेवू घाला, घोंगडं पलंगाखाली सरकवा आणि खिडकी नदीच्या बाजूची मागून घ्या. त्या पाण्याच्या आवाजात लांबचे फटाके बरेचसे बुडून जातात. काळू त्या रात्री नऊ वाजताच झोपला होता.